ठकीच्या डाव्या बाजूची जागा

ती. दाजी यांस,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा उभ्या उभ्याच नमस्कार. रीतसर वाकूनच करणार होतो, पण परवा घोडीचा मागचा पाय तपासायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो, आणि मला सरळ करायला मोतद्दाराला हातातला खरारा खाली ठेवून यावं लागलं. (त्याने मला ज्या पद्धतीने सरळ केलं ती घोड्यांसाठीची आहे. गुण मात्र आला.) तुमचा पाय काय म्हणतो? थंडी पडली की तो कुरकुरतो असं ताई सांगत होती, आणि ज्या दिवशी पाय कुरकुरत नाही त्या दिवशी तुम्ही कुरकुरता असंही सांगत होती. मी तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, लहानपणापासून ठेवलेला नाही. तरी तिला माझा नमस्कार सांगा.

मुंगी मजेत आहे. हे वाक्य वाचून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल आणि कुंड्यांना पाणी घालायला उठाल, हे मला ठाऊक आहे. लेकीच्या घोड्यावर बसण्याचा विषय निघाला की तुम्ही झारी उचलता, आणि त्यापायी तुमची दोन चांगली झाडं कुजली असं ताईचं म्हणणं आहे. तर झारी जागेवर ठेवा. हे पत्र मुंगीविषयी नाहीच. हे एका घोडीच्या तब्येतीविषयी आहे, आणि घोडीच्या तब्येतीविषयी आलेलं पत्र अर्ध्यात टाकून देण्याइतके तुम्ही अजून सुधारलेले नाही. फोनच करणार होतो, पण घोड्यातला घ काढला की तुम्ही मुकाट्याने फोन ताईच्या हातात देता. पत्र तसं देता येत नाही. तिचा चष्मा कायम हरवलेला असतो.

घोडी म्हणजे आमची ठकी. कागदोपत्री मालकांनी तिचं नाव इतकं लांबलचक ठेवलंय, की माइकवरचा माणूस ते उच्चारून होईपर्यंत रेस संपते. येत्या रविवारी मोसमातली सगळ्यात मोठी रेस आहे (कोणती, ते तुम्हाला सांगायला नको), ठकी तिच्यात पळणार आहे, आणि तिच्या पाठीवर कोण बसणार आहे हा या पत्राचा विषय नाही. दाजी, माझ्या हाताखालून इतकी जनावरं गेली, पण असं तयार झालेलं जनावर मी पाहिलेलं नाही. आधी नुसतं चालवणं, मग लांब पल्ल्याची संथ दौड, मग हळूहळू वेग, सगळं तुमच्याच पद्धतीने केलं. अंगावर हात फिरवला तर चरबी लागत नाही आणि हाडही टोचत नाही. कातडी अशी चकाकते की मोतद्दार तिच्यात बघून भांग पाडतो. तोबरा चाटूनपुसून रिकामा करते. दौड झाली की तिचा दम माझ्याआधी बसतो, आणि मी तर नुसता कठड्याला टेकून उभा असतो. थोडक्यात काय, घोडीला नाव ठेवायला जागा नाही. जी काय भानगड आहे ती घोडीच्या डाव्या बाजूला आहे, आणि तिथे कोणीच नाही.

(दचकू नका. क्रमाने सांगतो.)

आजोबा गेल्याचं तुम्हाला ताईने सांगितलंच असेल. म्हातारं जनावर, दुपारी पोटभर खाऊन उन्हाच्या पट्ट्यात आडवं झालं ते उठलंच नाही. असं मरण मला आलं तर मी तक्रार करणार नाही. तुमच्या रेसचा तो घोडा नंतर इतकी वर्षं माझ्याकडे काय करत होता, ते तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोललो नाही. तर तो शिकवणीला होता. नवशिक्या घोड्याला वेगाच्या दौडीला एकटं सोडत नाहीत हे तुम्ही जाणताच. सोबतीला एक जाणता घोडा द्यायचा. आजोबा आतल्या कठड्याला लागून पळायचा, पोर त्याच्या बाहेरच्या अंगाला. रेस संपण्याआधीच्या शेवटच्या खांबापर्यंत आजोबा त्याला खेचून आणायचा, तिथे स्वतः ढिला पडून थांबायचा, आणि पुढचं अंतर पोराने एकट्याने कापायचं. रेस एकट्यालाच संपवायची असते, हे जनावराला असंच शिकवावं लागतं. आणि आजोबाला तर थांब म्हणून सांगावंही लागत नसे. त्या खांबापुढे तो एक पाऊल टाकत नसे. लोक म्हणायचे हट्टी आहे. तुम्ही त्याच खांबाशी पडलात, मागून सगळा घोळका अंगावर येत होता, आणि हा उठून पळून जायचा सोडून तुमच्यावर चारी पाय रोवून उभा राहिला. घोळका फाटला आणि दोन्ही बाजूंनी निघून गेला. तेव्हापासून त्याची रेस तिथेच संपते. हट्ट म्हणायचा तर म्हणा, मला ते कधी जमलं नाही.

ठकी त्याच्याच हाताखाली शिकली. (घोड्याला हात नसतात हे मला माहीत आहे. खोड्या काढू नका.) तो खांबाशी थांबायचा, ही सुसाट पुढे जायची, वळून परत यायची, तो तिथेच उभा. मग दोघं शहाण्यासारखी एकत्र घरी.

आता पुढचं ऐका. आजोबा गेल्यावर मी ठकीला पहिल्यांदा एकटीला वेगात सोडलं, मुंगी पाठीवर (हे ओघात आलं). सकाळचं धुकं होतं, पण दिसत होतं. घोडी निघाली, आणि आतल्या कठड्याला लागून पळायचं सोडून बरोबर एका घोड्याच्या रुंदीइतकी जागा ठेवून पळू लागली. डावा कान सारखा त्या जागेकडे. म्हटलं सवय आहे, जाईल. मग शेवटचा खांब आला आणि ठकी ढिली पडली. लंगडली नाही, बुजली नाही, नुसती थांबली, आणि मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. मुंगीने टाच मारली, गोंजारलं, शेवटी विनवण्या केल्या. ठकी काही तिथून हलेना. जेव्हा हलली तेव्हा स्वतःच वळून घराकडे निघाली, आणि दाजी, परत येतानासुद्धा डावीकडे जागा सोडून. त्या बाजूला आता बाहेरचं कुंपण होतं. मुंगीचा गुडघा उजव्या कठड्याला घासत आला, पण डावीकडे सरकायला घोडी तयार नाही.

तुम्ही मला ओळखता. मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पैलवानाला (दांडगा घोडा आहे, आपल्या सावलीलाही लाथ मारतो) मुद्दाम त्या मोकळ्या जागेत घातलं. अर्ध्या वाटेवर पैलवान असा किंचाळला, की तबेल्यातले सगळे घोडे उत्तराला किंचाळले. मग त्याने एक आडवी उडी मारली, त्याच्यावरचा जॉकी झुडपात बसवला आणि स्वतः एकटा घरी जाऊन कोपऱ्यात तोंड घालून उभा राहिला. अजून तो भिंतीकडेच तोंड करून खातो. मग मी ठकीच्या डोळ्यांना झापडं लावली. डोळे झाकले तर कान तिकडे वळला. कानांवर टोपी चढवली तर टोपीच्या आत वळला. धावपट्टीवरच्या मातीत जाऊन मी ठसे तपासले आणि एकाच घोडीचे आहेत, बघ, म्हणून मुंगीला बोलावून विजयी मुद्रेने दाखवले. ती शांतपणे म्हणाली, मामा, आजोबा कधी पाय आपटून पळायचा का? या मुलीला विनोदाचं अंग नाही. ते तुमच्याकडून आलंय.

मग घोड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खोगिराच्या पट्ट्याखाली ठोके मोजायचं यंत्र बांधलं, आणि आम्ही दोघं कठड्याशी पडद्यावरच्या रेघा बघत उभे राहिलो. ठकीचे ठोके छान, जोरकस, एकसारखे चालले होते. दौड सुरू झाली आणि त्या ठोक्यांच्या मधे मधे दुसरे ठोके दिसू लागले. संथ आणि जड. डॉक्टर म्हणाले, एक तर यंत्र बिघडलंय, नाहीतर घोडी गाभण आहे. मी म्हटलं, डॉक्टर, तिला चारित्र्य आहे. ते हसले, मी हसलो, आणि हसता हसता डॉक्टर पडद्यावर वाकले. ते दुसरे ठोके चार पडत आणि एक चुकवत. चार पडत आणि एक चुकवत. आजोबाच्या छातीला नळी लावून हा चुकणारा ठोका त्यांनीच वर्षानुवर्षं ऐकला होता. शेवटच्या खांबाशी ठकी थांबली आणि दुसरी रेघ सपाट झाली. डॉक्टर म्हणाले, यंत्राचे सेल गेलेत, आणतो. ते अजून सेल आणताहेत.

मोतद्दाराचं तर विचारूच नका. आजोबाच्या रिकाम्या खोलीत आम्ही ताजं गवत पसरून ठेवलंय, नवीन घोडा येईल म्हणून. मोतद्दार म्हणतो, सकाळी त्या गवतात घोडा बसून उठल्यासारखा खड्डा असतो. मी त्याला नाही नाही ते बोललो. मग स्वतः गवत सारखं केलं, स्वतः कडी घातली, सकाळी स्वतः कडी काढली. खड्डा होता. हिंमत करून हात लावला तर ऊब होती. मी तो हात खिशात घातला आणि दुपारपर्यंत खिशातच ठेवला. सकाळचा चहासुद्धा दुसऱ्याच हाताने प्यालो.

आणि तरीही, दाजी, खरं सांगतो, मला त्या खड्ड्याची भीती वाटत नाही. ऊबच होती ती, आणि चांगली होती. भीती वाटते ती रविवारची. ठकी त्या खांबापर्यंत सगळ्यांच्या पुढे असणार याची मला खात्री आहे. आणि पुढे असलेली घोडी खांबाशी एकाएकी उभी राहिली, तर मागून येणारा घोळका कुठे जाणार? त्या वेळी तुमच्या अंगावर उभा राहायला आजोबा होता. मी मुंगीला स्पष्ट सांगितलं, मी घोडीचं नाव काढून घेतो. मला वाटलं रडेल, भांडेल. म्हणाली, काढ मामा, तू म्हणशील तसं. पण मग आजोबा तिथेच उभा राहील. मी तोंड फिरवलं आणि एका निर्दोष बादलीला लाथ मारली.

तिचं म्हणणं सोपं आहे. आजोबा जिवंत होता तेव्हा ठकी त्याला मागे टाकून खुशाल पुढे जायची, कारण परत आल्यावर तो तिथेच उभा सापडणार याची तिला खात्री होती. आता ती खात्री राहिली नाही, म्हणून ती त्याला सोडून जात नाही. आणि आजोबा तुम्हाला तिथे पडलेलं सोडून जात नाही. मी म्हटलं, म्हणजे या सगळ्या खोळंब्याच्या मुळाशी माझे दाजी आहेत तर. त्यात नवल काही नाही. ताईच्या लग्नाचा मुहूर्तही तुम्हीच चुकवलात.

असो. घोडीची हकिगत तुम्हाला ऐकायला आवडेल म्हणून लिहिली, बाकी काही हेतू नाही. मला तुमच्याकडून काहीही नको आहे. पायाला शेक घेत जा, झाडांना जरा तहान लागू द्या.

तुमचा (तुम्हाला नको असला तरी) मेहुणा

ता. क. काही नको म्हटलं खरं, पण एक बारीकसं काम आहे. त्या खांबाशी आलं की तुम्ही दातांच्या फटीतून एक शिट्टी घालायचात, आधी खाली आणि मग वर जाणारी, आणि आजोबा जो निघायचा तो वाऱ्यालाही सापडायचा नाही. आंघोळ करतानासुद्धा तुम्ही तीच घालायचात, आणि ताई बाहेरून ओरडायची, की इथे कोण घोडा आहे. पडल्यापासून तुम्ही शिट्टी घातलेली नाही, चहाच्या पेल्यावर फुंकरसुद्धा सांभाळून घालता, असं ती म्हणते. मुंगीला ती शिट्टी येत नाही. मी घालून पाहिली तर माझी कवळी निसटून ठकीच्या तोबऱ्यात पडली (मिळाली, त्यापुढचं विचारू नका). तर शुक्रवारी सकाळी रेसआधीची शेवटची वेगाची दौड आहे. त्या खांबाशी येऊन एकदा शिट्टी घाला. मुंगीशी बोलू नका, माझ्याशी बोलू नका, तोंड दुसरीकडे करून घाला. ठकी पुढे गेली तर रविवारी पळेल. नाही गेली, तर नाव मी माझ्या हाताने काढून घेईन. घोड्यांच्या ओटची गाडी तुमच्या घरावरूनच जाते, तिच्या ड्रायव्हरबरोबर पत्र पाठवतो.

ता. क. दुसरा. ओटची गाडी आलीच नाही. रस्त्यात पंक्चर झाली म्हणे. पत्र माझ्या खिशातच राहिलं आणि शुक्रवारची दौडही होऊन गेली, म्हणजे वरचा ता. क. बाद समजा. आज सकाळी तुम्ही येणार नव्हता, कारण तुम्हाला बोलावलंच नव्हतं. मी कठड्याशी उभा होतो, नाव काढून घ्यायचं हे मनात पक्कं करून. धुकं इतकं दाट होतं की खांब जेमतेम दिसत होता. ठकी आली, डावीकडची जागा सोडून, कान वळवून, रोजच्यासारखी. खांबाशी तिची चाल मोडायला लागली, आणि शिट्टी झाली. आधी खाली, मग वर. मला वाटलं मुंगीला जमली. मुंगीला वाटलं मी घातली. मोतद्दाराने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि हातातली बादली पायावर पाडून घेतली. ठकीचा डावा कान सरळ झाला, ती आत सरकली, थेट कठड्याला चिकटली, आणि अशी सुटली की मुंगी तिला आवरून परत येईपर्यंत माझे डोळे पुसून झाले होते. धुक्यामुळे पाणी येतं. मी खांबापर्यंत चालत गेलो. तिथे कोणी नव्हतं. आजोबाच्या खोलीतलं गवत आज सारखं आहे, आणि पैलवानाने भिंतीकडचं तोंड फिरवलं.

ता. क. शेवटचा. गाडी बाहेर उभी आहे आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात. आत्ताच ताईचा फोन आला. म्हणाली, सकाळी तुझे दाजी खुर्चीत डुलक्या घेत होते आणि झोपेतच त्यांनी शिट्टी घातली, तीच जुनी. घाबरून हातातली कपबशी सुटली माझ्या. मग म्हणे तुम्ही डोळे उघडलेत, निघ बाबा आता, असं कोणाला तरी म्हणालात, आणि बराच वेळ रडलात. झारी उचलली नाहीत. ताई विचारत होती, डॉक्टरला दाखवू का. मी म्हटलं, आमचे डॉक्टर सेल आणायला गेलेत. दाजी, शिट्टीचं काम झालं, त्यासाठी येऊ नका. आजोबा गेला, आता खरंच गेला. मुंगी घोडीवरून उतरली तेव्हा हसत होती, आणि मग त्याच्या खोलीत जाऊन त्या गार गवतावर बसली आणि म्हणाली, मामा, आता डावीकडे कोणी नाही. आतल्या कठड्याच्या पलीकडे, त्या खांबाजवळ, एका माणसाला उभं राहता येईल इतकी जागा आहे. मी आज स्वतः उभा राहून पाहिलं. रविवारी तुमच्या पायासाठी तिथे स्टूल ठेवतो. काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. ती पुढे निघून जाईल, तुम्ही नुसते थांबा. परत येईल तेव्हा तिथे तुम्ही सापडाल एवढी तिला खात्री असू द्या.